समुद्रवर्णनांतील गोडे पाणी

दिवाळी अंकात प्रवासलेख नसला तर अंक अपुरा वाटावा, ही आपल्या वाचकांची सवय आता जुनी झाली आहे. सुट्टी लागलेली असते, घरात पाहुणे असतात, फराळाचे डबे उघडे असतात आणि पुढच्या सहलीचे बेत चाललेले असतात. अशा वेळी कोकणचा किनारा, गोवा, अंदमान, लक्षद्वीप, किंवा त्याही पलीकडची बाली आणि मालदीव यांविषयीचे लेख घरातील थोरामोठ्यांपासून पोराटोरांपर्यंत सर्वजण हाताळतात. मीही ते आवडीने वाचतो. परंतु वाचता वाचता एक शंका माझ्या मनात घर करून राहिली आहे. हे लेख वाचून आपल्याला समुद्र कळतो, की समुद्राविषयीची विशेषणेच तेवढी पाठ होतात?

ही शंका घेणारा माणूस कोण, हे आधी सांगितलेले बरे. मी विद्यापीठात शिकवणारा समीक्षक नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. माझे गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. समुद्र येथून रस्त्याने चारशे किलोमीटरांच्या आसपास. गावातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी तो जन्मात पाहिलेला नाही, आणि पोरांनी पाहिला तो मोबाइलच्या काचेवर.

असा वाचक समुद्रवर्णनाची पारख काय करणार, असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. मालवणचा किंवा अलिबागचा वाचक खिडकीतून बाहेर पाहतो आणि लेखकाच्या चुका हसण्यावारी नेतो. आम्हा कोरडवाहू मुलखातील वाचकांना ती सोय नाही. लेखक जे दाखवील तेच आम्ही पाहणार आणि जे वगळील ते आमच्या लेखी जगात नसणार. म्हणून लेखकाची जबाबदारी आमच्या बाबतीत अधिक आहे.

‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ हा शाळेतील निबंधाचा नेहमीचा विषय. आमच्याकडील मुले तो न अडखळता लिहितात. अथांग सागर, निळेशार पाणी, रुपेरी वाळू, वाऱ्यावर डोलणारे माड, क्षितिजावर बुडणारे तांबडे बिंब, हे सारे क्रमवार येते. परीक्षेच्या रीतीप्रमाणे अशा निबंधाला गुणही बरे पडतात. मुलांनी हे शब्द चोरले असे कुणी म्हणू नये. ते त्यांना आपणच दिलेले आहेत. एकदा वर्गात असाच एक उतारा वाचून झाल्यावर मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, ‘‘गुरुजी, समुद्राचं पाणी खारं असतं, मग तिथली मानसं प्यायचं पाणी कुठून आणतेत?’’

त्या मुलीच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जालना जिल्ह्याचा पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही लहरी. तिला समुद्राविषयी पहिला प्रश्न सुचला तो पाण्याचा. मी घरातील दिवाळी अंकांचा गठ्ठा काढला आणि समुद्रावरचे लेख या प्रश्नासाठी पुन्हा चाळले. सूर्यास्त बहुतेकांत होता. विहीर फारच थोड्यांत होती.

तेव्हापासून किनाऱ्यावरील कोणतेही लेखन हाती आले की मी त्यात गोडे पाणी शोधतो. ही कसोटी वाटते तितकी भाबडी नाही. पिण्याचे पाणी आले की ते भरणारे माणूस येते, पाणी आटण्याचा महिना येतो, ते कुणाच्या मालकीचे हा प्रश्न येतो. देखाव्याचे गाव होते.

या कसोटीवर आपले मराठी वाङ्मय दरिद्री नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली, आणि गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ १९५५ साली. या दोन्ही कादंबऱ्या कोकणातल्या. पण त्या वाचून कुणाला ‘कोकण किती सुंदर!’ एवढेच म्हणावेसे वाटत असेल, तर त्याने त्या वाचल्याच नाहीत असे मी म्हणेन. गारंबीत झाडे आहेत, पाणी आहे, पण त्यांच्यामधून बापू, राधा आणि अण्णा खोत यांची माणुसकी आणि अरेरावी वाहत असते. जमीन कुणाची आणि शब्द कुणाचा चालतो, हे कळल्यावाचून तिथला निसर्ग कळत नाही. पडघवलीत अंबावहिनी आपल्या गावाची कथा सांगते, ती ओस पडत चाललेल्या गावाची आहे. मुंबईने ओढून नेलेली माणसे आणि मागे राहिलेल्या वाड्या यांच्या दुःखातून तिथली हिरवळ दिसते. जो मनुष्य सहलीला जाऊन ‘काय निवांत गाव आहे!’ असे म्हणतो, त्याला तो निवांतपणा कशाची किंमत देऊन आला आहे हे अंबावहिनी सांगू शकेल.

यापेक्षाही मोठा धडा बेटाच्या वर्णनाबाबत सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकात आहे. अंदमानावरील आजच्या लेखांत माड हटकून येतो. शहाळ्याचे पाणी पीत काढलेले छायाचित्रही येते. सावरकर १९११ साली सेल्युलर जेलमध्ये गेले आणि १९२१ सालापर्यंत अंदमानात होते. त्यांच्या पुस्तकातील नारळ निराळा आहे. त्याच्या सोडणाचा काथ्या कुटावयाचा असतो. शेजारी तेलाचा कोलू असतो आणि बैलाच्या जागी माणूस जुंपलेला असतो. झाड एकच, बेट एकच. प्रवाशाच्या हातात ते शहाळे होते आणि कैद्याच्या हातात शिक्षा होते. मराठी वाचकाच्या संग्रहात असे पुस्तक असताना त्याच बेटावरील आपले नवे लेख एका परिच्छेदात कोठडीला नमस्कार करतात आणि दुसऱ्या परिच्छेदापासून ‘पाचूसारखे पाणी’ सुरू करतात. दोन्ही गोष्टी एकाच मातीवरच्या आहेत, याची सांगड कुठे पडत नाही. भक्ती एका खणात आणि मौज दुसऱ्या खणात.

पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली प्रसिद्ध झाले. बालीसारखे बेट मराठी मध्यमवर्गाच्या घरात हसतखेळत आले त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. पुलंचा ओढा निसर्गापेक्षा माणसांकडे आणि त्यांच्या नृत्यनाट्याकडे, आणि म्हणूनच त्यांचे बेट निर्जन होत नाही. त्यांच्या मागून बालीला जाणाऱ्या लेखकांनी मात्र देवळे घेतली आणि माणसे सोडली. बालीत भातशेतीचे पाणी वाटून घेण्याची शेकडो वर्षांची एक व्यवस्था आहे. तिला सुबक म्हणतात. डोंगरउतारावरील खाचरांना पाणी केव्हा आणि किती सोडावयाचे, हे शेतकरी पाणदेवळांच्या आश्रयाने ठरवितात. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. जायकवाडीच्या कालव्याला पाणी केव्हा सुटणार याची चर्चा ज्या पारावर रोज चालते, त्या पारावर बालीतील ही गोष्ट सांगून पाहा. ऐकणारे उठून जाणार नाहीत. पण आमच्यापर्यंत बालीचा झोपाळाच तेवढा येतो; त्याच्या खालची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे कुणाची आणि त्यांना पाणी कुठले, ते येत नाही.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने १९५६ साली मराठी निसर्गलेखनाला महिन्यांची शिस्त लावून दिली. निसर्ग म्हणजे चित्र नव्हे, तो चैत्रात एक असतो आणि आषाढात दुसरा, हे त्या पुस्तकाने शिकविले. किनाऱ्यावरील आपल्या लेखांना मात्र एकच महिना ठाऊक आहे, तो सहलीचा. कोकणात पाऊस अडीचतीन हजार मिलिमीटर पडतो; तरीही जांभ्या दगडातून आणि उतारावरून तो भराभर समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकर लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत सहली येतात. म्हणजे विहीर सर्वांत खोल गेलेली असते तेव्हा घागरी सर्वांत जास्त पडतात. जालन्याच्या आणि दापोलीच्या माणसाला एकमेकांविषयी आपुलकी वाटावी अशी ही बाब आहे. पण प्रवासलेखाने आम्हांला सांगितले आहे ते एवढेच, की तुम्ही रुक्ष आहात आणि ते हिरवे आहेत.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर किती सुरस आहे, ते येथे थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावरील वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, म्हणून ते त्याच्यावर तरंगून राहते. सर्वसाधारण हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक हात असेल तर सपाटीखाली ते सुमारे चाळीस हात असते. उपसा करून वरचा एक हात घालविला की खालून खारे पाणी चाळीस हात वर चढू पाहते. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. चहूंकडे खारे पाणी आणि मध्ये या तीन बावी! गोड्या पाण्यावाचून जलदुर्ग म्हणजे वेढ्यात सापडलेले गलबतच. किल्ल्यावरील लेखांत तटाची लांबी येते, बुरुजांची संख्या येते. बावींची नुसती नावे येतात. त्या तेथे गोड का राहिल्या, हे सांगावयास लेखकाला दोन वाक्ये पुरली असती.

लक्षद्वीपचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. छत्तीस बेटे, त्यांपैकी वस्ती दहांवर, आणि सर्वांचे क्षेत्रफळ मिळून बत्तीस चौरस किलोमीटर. प्रवाळाच्या त्या पातळ थरात गोडे पाणीही पातळच असते. २००५ साली कवरत्ती बेटावर समुद्राच्या खोल थंड पाण्याचा उपयोग करून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र बसविण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीप एकाएकी सर्वांच्या तोंडी झाले आणि मराठीतही त्यावर लेखांमागून लेख आले. त्यांत निळ्या रंगाच्या जितक्या छटा होत्या, तितकी वाक्ये जरी या पाण्याला मिळाली असती तरी वाचक बेटावर जाताना नळ जपून सोडता.

येथे कुणी म्हणेल, ‘‘मास्तर, सुट्टीत चार घटका मौजेने वाचावयाच्या लेखावर तुम्ही पाणीपुरवठा खात्याचा अहवाल लादता आहात.’’ आक्षेप रास्त आहे. मौज हवीच. चारशे किलोमीटरांवरून पैसे साठवून समुद्र पाहावयास जाणाऱ्या कुटुंबाने लाटांत नाचू नये, असे म्हणण्याइतका मी शुष्क नाही. माझे म्हणणे एवढेच, की माहितीने मौज कमी होत नाही. आणि विशेषणांचे परिणाम मात्र पानापुरते राहत नाहीत.

‘निर्जन’ हे विशेषण घ्या. अंदमानातील बेटांना ते सर्रास लावले जाते. तेथे जारवांसारखे लोक हजारो वर्षे राहत आले आहेत. त्यांच्या राखीव अरण्यातून जाणाऱ्या रस्त्याचा भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. तरी वाहने जात राहिली. आणि प्रवाशांपुढे जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ साली उघड झाली तेव्हा देशभर संताप उसळला. जेथे माणसांना आधी ‘निर्जन’ या शब्दाने पुसून टाकले, तेथे ती दिसताच त्यांचे प्रदर्शन होणे फार दूर नसते. मालवणच्या समुद्रातील प्रवाळांचेही तसेच. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ‘पाण्याखालचे रंगीबेरंगी दगड’ असे ज्याने वाचले, तो पाण्यात उतरल्यावर त्यांवर पाय देऊन उभा राहील. ‘हा जीव आहे, पाय दिलास तर मोडेल’ असे ज्याने वाचले, तो पाय वर घेईल.

याच मालवणच्या वाळूवर रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर माणसांच्या रांगांनी ओढावयाची, आणि आलेली मासळी वाटे करून घ्यावयाची. लेखात ही माणसे ‘दूरवर दिसणारे कोळी’ म्हणून येतात. आमच्या गावात एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने कामाला जाण्याची सावड असते. रापणीचे वर्णन नीट केले तर आमचा शेतकरी त्यात आपली सावड ओळखील. परक्या मुलखातले आपले माणूस असे भेटावे, यासाठीच तर प्रवासवर्णन वाचावयाचे.

शब्दांनी किनाऱ्याचे भले केल्याचेही उदाहरण आहे, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालावयास येतात. पूर्वी ती अंडी चोरीस जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखण्याचे काम हाती घेतले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. दीडदोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात आणि समुद्राकडे धावतात. ती पाहावयास येणारे लोक गावातील घरांतच उतरतात आणि घरचेच जेवतात. २०२३ साली गुहागरच्या किनाऱ्यावर खूण-यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

वेळासविषयीचे चांगले लेख का चांगले झाले, याचा मी विचार केला. तेथे लेखकाला विशेषणे पुरत नाहीत. घरटे कोणी शोधले, राखण कोणी केली, पिले कोणत्या महिन्यात निघतात, त्यांना उजेड का दाखवू नये, हे सांगावेच लागते. विषयानेच लेखकाला माणसे, महिना आणि मर्यादा या तीन गोष्टींशी बांधून घातले. परिणामी वाचक तेथे गेला तो हळू पावलांनी गेला. हेच बंधन लेखकाने गणपतीपुळ्याबद्दल लिहिताना आपणहून का पत्करू नये? त्याच्या शेजारीच मालगुंड आहे, केशवसुतांचे जन्मगाव. मराठी कविता जेथून नवी झाली त्या गावाला पुष्कळ लेखांत ‘वाटेत लागणारे ठिकाण’ एवढेच स्थान मिळते.

तेव्हा लेखकांना माझी विनंती साधी आहे. किनाऱ्यावर दहा विशेषणे लिहा, पण त्यांबरोबर एक विहीर, एक काम आणि एक महिना लिहा. समीक्षकांनाही सांगणे आहे, की प्रवासलेखाला ‘हलकेफुलके’ म्हणून सोडून देऊ नका. मराठी घरांत कादंबरीपेक्षा आज तोच अधिक वाचला जातो, आणि त्याची भाषा मुलांच्या वहीत उतरते. आमच्या मुलांना घरापासून जवळचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. उसन्या विशेषणांची सवय झालेले मूल तेथे गेले तरी ‘अथांग’ आणि ‘निळेशार’ एवढेच लिहून परत येते. त्याच्या डोळ्यांदेखत धरणात बुडालेल्या गावांची जमीन उन्हाळ्यात उघडी पडते, ती त्याला दिसत नाही. कारण अशा गोष्टी निबंधात लिहावयाच्या असतात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

वाचकांसाठी, विशेषतः घरातल्या मुलांसाठी, कोकणातील जुन्या जाणत्यांचा एक हिशेब देऊन हा लेख पुरा करतो. भिंतीवरील कालनिर्णय उघडा आणि आजची तिथी पाहा. तिची पाऊणपट करा, म्हणजे तिनाने गुणून चाराने भागा. येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा, मध्ये बारा तासांहून थोडे अधिक अंतर. अष्टमीच्या सुमारास भरती लहान, तिला भांगाची म्हणतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला मोठी, ते उधाण. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही दुपारच्या जेवणाची तयारी करीत असाल तेव्हा कोकणच्या साऱ्या खाड्या काठोकाठ भरलेल्या असतील, आणि दिवेलागणीच्या आधी पाणी पार ओसरून कालवे काढणाऱ्या बायका खडकांवर उतरल्या असतील. जांबच्या ओसरीवर बसून आम्हांला एवढा समुद्र दिसू शकतो. पुढच्या वर्षीच्या अंकातील लेखकांनी यात आणखी भर घालावी, ही अपेक्षा.